मिटणारा दूरध्वनी आणि त्याचे देशोदेशींचे अवतार

माणसाच्या कानापासून ओठांपर्यंतचे अंतर मोजून पाहिले, तर ते वितीहून बरेच कमी, साधारणपणे बारा ते पंधरा सेंटिमीटर भरते. हे अंतर निसर्गाने ठरवून दिलेले असून कोणत्याही कारखानदाराला ते कमी करता येत नाही. दूरध्वनीचे यंत्र मेजावर बसलेले होते तोवर त्याची अडचण कोणास भासली नाही. रिसीव्हरचा दांडा त्याच मापाने घडविलेला होता. परंतु तारेचे बंधन सुटून यंत्र माणसाच्या खिशात शिरू पाहू लागले, तेव्हा एक चमत्कारिक पेच उत्पन्न झाला. खिशाला आखूड वस्तू हवी आणि मुखाला लांब. बोलताना उलगडणारा व काम संपताच मिटणारा दूरध्वनी, ज्याला सर्वत्र फ्लिप फोन म्हणतात, तो या पेचातून निघाला.

ही युक्ती सोपी दिसते. तिचा इतिहास मात्र सोपा नाही. १९८९ पासून पुढील दहा-पंधरा वर्षांत अमेरिका, इंग्लंड, जपान, कोरिया, चीन अशा अनेक देशांच्या बाजारांत मिटणारे दूरध्वनी आले. त्यांतील पुष्कळ यंत्रे बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसत. तथापि एका देशात खणखणीत बोलणारे यंत्र दुसऱ्या देशाच्या विमानतळावर उतरताच मुके होई. यंत्र बिघडलेले नसे; त्याची भाषा तेथील आकाशाला कळत नसे.

मेजावरचे पूर्वज

बिजागरीची कल्पना भ्रमणध्वनीहून जुनी आहे. १९६५ मध्ये इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या दोघा रचनाकारांनी 'ग्रिलो' नावाचा घरगुती दूरध्वनी तयार केला. ग्रिलो म्हणजे रातकिडा. मिटलेला असताना तो मुठीएवढा दिसे आणि उचलताच त्याचा बोलण्याचा भाग आपोआप खाली उघडे. १९६७ मध्ये त्याला 'कॉम्पासो दोरो' हा इटलीचा मानाचा रचना-पुरस्कार मिळाला. या दोन वर्षांच्या मधोमध, १९६६ मध्ये, 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. तिच्यातील अंतराळवीर झाकण उघडून बोलावयाचे एक छोटे यंत्र वापरीत. मालिकेतले यंत्र अर्थातच लटके होते. पण झाकण उघडणे म्हणजे बोलावयास सिद्ध होणे, हा संकेत त्यामुळे लाखो प्रेक्षकांच्या मनात रुजला.

प्रत्यक्ष भ्रमणध्वनीची स्थिती त्या मानाने फार मागे होती. मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातील यंत्राने संभाषण केले, आणि त्या यंत्राची विक्रीयोग्य आवृत्ती, 'डायनाटॅक', शासकीय मान्यता मिळण्यास १९८३ साल उजाडले. तिचे वजन पाऊण किलोहून अधिक होते. दहा तास विद्युत्भारित केल्यानंतर जेमतेम अर्धा तास बोलता येई. किंमत ३,९९५ डॉलर. असे यंत्र खिशात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ते मुळात विटेएवढे लांब असल्यामुळे कान आणि तोंड यांमधील अंतराची चिंताही नव्हती.

ती चिंता उत्पन्न झाली विद्युत्मंडले आणि विद्युत्घट लहान होऊ लागल्यावर. २५ एप्रिल १९८९ रोजी मोटोरोलाने 'मायक्रोटॅक' प्रसिद्ध केला. त्याचे वजन सुमारे ३५० ग्रॅम, म्हणजे डायनाटॅकच्या निम्म्याहूनही कमी होते. आकडेकळांवर एक पातळ झडप बसविलेली होती. ती खाली ओढली की तोंडापर्यंत पोहोचे, आणि मिटली की कळा चुकून दाबल्या जात नसत. यातील गमतीचा भाग असा की, पुढील आवृत्त्यांत ध्वनिग्राहक झडपेतून काढून यंत्राच्या मुख्य भागाच्या तळाशी बसविण्यात आला, तरी झडप तशीच ठेवली गेली. तंत्राच्या दृष्टीने तिचे मुख्य काम संपलेले होते. परंतु ओठांपुढे काहीच नाही अशा यंत्रात बोलताना माणसाला आपण हवेशी बोलत आहोत असे वाटते. झडपेने निदान ती शंका दूर केली.

आकाशातील गल्ल्या

मायक्रोटॅकपासूनच देशपरत्वे निराळ्या आवृत्त्यांची कथा सुरू होते. तिचे कारण समजण्यासाठी भ्रमणध्वनी कसा चालतो हे थोडक्यात पाहिले पाहिजे. भ्रमणध्वनी हे वस्तुतः एक छोटे नभोवाणी-केंद्र आहे. ते एका वारंवारतेवर बोलते आणि त्याच वेळी दुसऱ्या वारंवारतेवर ऐकते. स्वतःचाच आवाज स्वतःच्या कानात शिरू नये म्हणून त्याच्या आत गाळणी बसविलेली असते. ही गाळणी ठराविक पट्ट्यापुरतीच घडविलेली असल्याने पट्टा बदलला की ती निरुपयोगी होते. हे झाले लहरींपुरते. त्याखेरीज कोणी बोलावयास कधी सुरुवात करावी, मनोऱ्याने यंत्राला कसे ओळखावे, चालता चालता एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे कसे सोपवावे, या सर्वांचे नियम असतात, आणि हे नियम प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने केले.

अमेरिकेत १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागो येथे ज्या पद्धतीने सार्वजनिक सेवा सुरू झाली, तिला अँप्स म्हणत. तिच्यात यंत्र ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोले, ८६९ ते ८९४ या पट्ट्यात ऐके आणि प्रत्येक संभाषणाला ३० किलोहर्ट्झची वाट मिळे. इंग्लंडने १९८५ मध्ये हीच पद्धत घेतली. पण युरोपात उपलब्ध असलेला पट्टा निराळा, ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा होता. म्हणून तेथे वाट २५ किलोहर्ट्झची केली आणि पद्धतीला टॅक्स हे नाव दिले. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड व डेन्मार्क यांची एनएमटी ही आणखी वेगळी. मायक्रोटॅकचे बाह्यांग या सर्व देशांत जवळपास सारखे होते, परंतु न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने आपला मायक्रोटॅक लंडनला नेला तर तो केवळ कागद दाबून ठेवण्याच्या कामी येई.

जपानचा प्रकार सर्वांहून विलक्षण. अन्यत्र हातातील यंत्र खालच्या पट्ट्यात बोलते व वरच्या पट्ट्यात ऐकते. कमी वारंवारतेच्या लहरी तुलनेने कमी क्षीण होतात, म्हणून ती सवलत दुबळ्या विद्युत्घटावर चालणाऱ्या यंत्राला द्यावी, असा त्यामागे विचार आहे. जपानने आपल्या ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा क्रम उलटा लावला. त्यामुळे जपानसाठी बनवावयाच्या यंत्राची गाळणीच उलटी करावी लागे. मोटोरोलाने अशी यंत्रे केली, आणि १९८९ मध्ये ओसाका भागात जे-टॅक्स नावाच्या पद्धतीने सेवा सुरू झाली. तिच्यामुळे मायक्रोटॅक जपानमध्ये पोहोचला.

येथे तंत्रविद्येत राजकारण मिसळले. टोकियो आणि नागोया या अतिश्रीमंत टापूत आपल्या पद्धतीला प्रवेश मिळत नाही, अशी मोटोरोलाची तक्रार होती. अमेरिकेच्या शासनाने ती उचलून धरली. १९८९ मध्ये करार झाला, तो पाळला जात नाही म्हणून १९९४ मध्ये व्यापारी निर्बंधांची धमकी देण्यात आली, आणि त्या वर्षी मार्च महिन्यात पुन्हा समझोता झाला. खिशातल्या यंत्रासाठी दोन महासत्तांनी वाटाघाटींच्या मेजावर बसावे, हे त्या काळीही अनेकांना नवल वाटण्याजोगेच होते. या तंट्याची दुसरी निष्पत्ती अधिक टिकाऊ ठरली. मायक्रोटॅकच्या आव्हानामुळे जपानच्या एनटीटी या दूरध्वनी कंपनीने चार जपानी कारखान्यांना कामाला लावले आणि एप्रिल १९९१ मध्ये 'मूव्हा' ही मालिका बाजारात आणली. घनफळ सुमारे १५० घनसेंटिमीटर, वजन सुमारे २३० ग्रॅम. चारांपैकी एनईसी या कारखान्याने केलेला मूव्हा मधोमध मिटत असे. म्हणजे अमेरिकन यंत्राला झडप होती, तर या जपानी यंत्राचे सारे अंगच पुस्तकासारखे मिटत होते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला.

स्टारटॅक

पश्चिमेकडे पूर्णपणे दुमडणारे यंत्र लोकप्रिय केले ते मोटोरोलाच्याच 'स्टारटॅक'ने. ते ३ जानेवारी १९९६ रोजी प्रसिद्ध झाले. वजन अवघे ८८ ग्रॅम, जुन्या मापाने दीड छटाक. किंमत अमेरिकेत सुमारे एक हजार डॉलर. वरच्या झाकणात श्रवणिका, खालच्या भागात कळा व ध्वनिग्राहक. घंटेऐवजी थरथरून सूचना देण्याची सोयही त्यात होती.

अशा यंत्राचे खरे मर्म बिजागरीत असते. झाकणातील श्रवणिकेपर्यंत आणि पुढील काळातील यंत्रांत झाकणातील पडद्यापर्यंत वीज न्यावयाची, तर मार्ग बिजागरीतूनच जाणार. साधी तार तेथे दिवसातून शंभर वेळा वाकून तुटेल. म्हणून तांब्याचा अतिशय पातळ पत्रा लवचीक प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये घालून त्याची पट्टी करतात आणि ती बिजागरीच्या पोकळीत घड्याळाच्या कमानीप्रमाणे सैलसर गुंडाळतात. झाकण उघडताना पट्टी एका बिंदूत मुडपत नाही. तिचा फेर किंचित सैल अथवा घट्ट होतो आणि ताण सर्व लांबीवर वाटला जातो. तरीही तांबे थकतेच. मिटणारी यंत्रे जुनी झाल्यावर प्रथम आवाज तुटक येई किंवा पडदा अंधारे, त्याचे कारण बहुधा हीच पट्टी. झाकण उघडले आहे की मिटले, हे यंत्राला कळावे म्हणून अनेक रचनांत एका भागात लहानसा चुंबक आणि दुसऱ्या भागात त्याची चाहूल घेणारा खटका बसवीत. झाकण उघडताच संभाषण सुरू आणि मिटताच समाप्त, ही जादू त्या चुंबकाची. रागाने झाकण आपटून बोलणे तोडण्यात जे समाधान होते, ते सपाट काचेच्या यंत्रांना अद्याप देता आलेले नाही.

स्टारटॅकची विक्री सुमारे सहा कोटींवर गेली. परंतु हे सहा कोटी एकाच जातीचे नव्हते. पहिला स्टारटॅक अँप्स पद्धतीचा, म्हणजे जुन्या सदृश पद्धतीचा होता. त्यानंतर इंग्लंडच्या टॅक्स पद्धतीचा आला. मग अंकीय पद्धतींचे निरनिराळे आले, ते युरोप-आशियासाठी जीएसएमचे, अमेरिकेसाठी टीडीएमए व सीडीएमएचे. चीनमध्ये ते '३२८सी' या क्रमांकाने आणि 'तळहातावरील रत्न' अशा अर्थाच्या नावाने विकले गेले. पुढे २००१ मधील व्ही ६० या धातूच्या कवचाच्या यंत्राच्या बाबतीत कंपनीने नावाचा घोळही कमी केला : व्ही ६०जी म्हणजे जीएसएम, व्ही ६०सी म्हणजे सीडीएमए, व्ही ६०टी म्हणजे टीडीएमए. कवच एक, आत्मे तीन.

कार्ड आणि कोरलेली ओळख

या अंकीय पद्धतींतील भेद ग्राहकाच्या दृष्टीने लहरींहूनही जवळचा होता. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये पहिले सार्वजनिक संभाषण होऊन जीएसएम पद्धत सुरू झाली. तिच्यात ग्राहकाची ओळख एका सुट्या कार्डात असते. कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घातले की क्रमांक त्याच्याबरोबर जातो. अमेरिकेतील सीडीएमए यंत्रांत बहुधा असे कार्ड नसे. ओळख यंत्रातच कोरलेली असे, आणि ते यंत्र कोणत्या कंपनीच्या सेवेत चालेल हे कंपनीच ठरवी. पहिल्या पद्धतीत यंत्र ग्राहकाचे, दुसऱ्या पद्धतीत काहीसे कंपनीचे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

भारताने दोन्ही पद्धती पाहिल्या. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले, ती सेवा जीएसएमची होती. मुंबईत त्याच वर्षी सुरू झालेल्या सेवाही तशाच. म्हणून युरोपासाठी बनविलेली मिटणारी यंत्रे भारतात कार्ड घालताच बोलू लागत. सीडीएमएचा मोठा प्रसार रिलायन्सने २००२ च्या अखेरीस सुरू केलेल्या सेवेने झाला, आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून यंत्र घरी नेण्याची योजना निघाली. या सेवेची पुष्कळशी यंत्रे एलजी व सॅमसंग या कोरियन कारखान्यांची होती. हा योगायोग नव्हे. १९९६ च्या जानेवारीत सीडीएमए पद्धतीची व्यापारी सेवा देशव्यापी धोरण म्हणून अंगीकारणारा पहिला देश कोरियाच होता, आणि त्या निर्णयाने तेथील कारखान्यांना जी आघाडी मिळाली, तिची फळे मुंबई-पुण्याच्या दुकानांच्या काचेआड दिसत होती.

बारा कळा आणि बाराखडी

लहरी व कार्ड यांच्याइतकाच तिसरा भेद लिपीचा. यंत्रावर कळा बारा. त्यांवर रोमन लिपीची सव्वीस अक्षरे तीन-तीन, चार-चार वाटून बसविता येतात. जपानी व कोरियन लोकांनी काय करावे?

जपानी उत्तर भारतीय वाचकाला परिचित वाटेल. जपानी कानाक्षरांचा तक्ता अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा दहा ओळींचा असून प्रत्येक ओळीत सामान्यतः पाच स्वर आहेत. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर जपानात गेलेल्या सिद्धम् लिपीच्या व संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. दहा ओळी, दहा आकडे. एका कळेवर एक ओळ. कळ एकदा दाबली की 'का', दोनदा दाबली की 'की', तीनदा दाबली की 'कू'. आपल्या बाराखडीच्या दूरच्या नात्यातील हा तक्ता यंत्राच्या कळांवर असा बसला, की जणू त्यासाठीच तो हजार वर्षांपूर्वी आखला होता.

कोरियाने आणखी निराळी वाट काढली. राजा सेजोंग याने १४४६ मध्ये प्रसृत केलेल्या हंगुल लिपीचे स्वर बिंदू, आडवी रेघ व उभी रेघ या तीन खुणांपासून बनलेले आहेत; बिंदू म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी आणि उभी रेघ म्हणजे मनुष्य. सॅमसंगने हाच सिद्धांत कळांवर उतरविला : तीन कळा तीन खुणांना, आणि त्यांच्या जोडणीतून सारे स्वर. पद्धतीचे नावच 'चॉनजीइन', म्हणजे आकाश-पृथ्वी-मनुष्य. प्रतिस्पर्धी एलजीने मात्र आपली वेगळी मांडणी केली. त्यामुळे एका कारखान्याचे यंत्र सोडून दुसऱ्याचे घेणाऱ्या कोरियन माणसाच्या अंगठ्याला पुन्हा धुळाक्षरे गिरवावी लागत.

लिहिणे वाढले तसा पडदा मोठा हवा झाला, आणि येथे जपानच्या पुस्तकासारख्या मिटणाऱ्या अंगाचे महत्त्व कळून आले. झाकणात मोठा पडदा, खालच्या भागात ऐसपैस कळा, आणि मिटल्यावर दोहोंचे रक्षण. फेब्रुवारी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमोने 'आय-मोड' ही सेवा सुरू केली. तिच्यामुळे रेल्वेची वेळापत्रके, बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार हे सर्व यंत्रावर आले, आणि एनईसीचे मिटणारे एन ५०१आय हे यंत्र या कामास फार सोयीचे ठरले. याच सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्रलिपी-चिन्हे रेखाटली. आज जगभर ज्यांना इमोजी म्हणतात त्यांच्या पूर्वजांत त्यांची गणना होते. जगात अन्यत्र पहिली झडप गळून पडली असता जपानमध्ये मिटणारे यंत्र हाच जणू दूरध्वनीचा स्वाभाविक आकार बनला.

मात्र ही प्रगती कुंपणाआड झाली होती. जपानची पीडीसी ही अंकीय पद्धत १९९३ पासून चालली, पण जपानबाहेर रुजली नाही. पुढे सपाट काचेची यंत्रे आली, तेव्हा जपानी लोकांनीच आपल्या मिटणाऱ्या यंत्रांना 'गाराकेई' असे थट्टेचे नाव दिले. गालापागोस बेटांवरील प्राणी जसे जगापासून तुटून आपल्याच रीतीने उत्क्रांत झाले, तसा हा 'केईताई', म्हणजे भ्रमणध्वनी, असा त्याचा अर्थ. थट्टा रास्त होती, पण अपुरी होती. ज्या वृद्धांनी वीस वर्षे एकाच प्रकारच्या कळा अंगठ्याने ओळखल्या, त्यांना त्या यंत्रात मागासलेपण दिसत नव्हते.

मनोरे बंद झाल्यावर

मिटणाऱ्या दूरध्वनीचे आयुष्य अखेर त्याच्या बिजागरीने ठरविले नाही, मनोऱ्यांनी ठरविले. अमेरिकेत अँप्स सेवा चालू ठेवण्याचे कंपन्यांवरील बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपले आणि मायक्रोटॅक व पहिले स्टारटॅक तेथे कायमचे मुके झाले. जपानमध्ये मूव्हा सेवा ३१ मार्च २०१२ रोजी थांबली. केडीडीआय कंपनीची तिसऱ्या पिढीची सेवा ३१ मार्च २०२२ रोजी थांबली, आणि डोकोमोने आपल्या तिसऱ्या पिढीच्या सेवेसाठी व आय-मोडसाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर केली. इतका अवधी देण्याचे कारण उघड होते : मिटणारे यंत्र वापरणाऱ्यांत वृद्धांचा भरणा मोठा, आणि त्यांच्यासाठी कारखान्यांना चौथ्या पिढीच्या लहरींवर चालणारी, पण तशीच मिटणारी, तशाच कळांची यंत्रे काढावी लागली.

भारतातील सीडीएमए सेवा गेल्या दशकात बंद झाल्या. ज्यांची ओळख यंत्रातच कोरलेली होती ती यंत्रे सेवेबरोबर संपली. जीएसएमचे भवितव्य निराळे झाले. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील तिची सेवा भारतात काही कंपन्यांनी २०२५ मध्येही चालू ठेवली होती. तेव्हा एखाद्या घरातील खणात जुना जीएसएम स्टारटॅक पडून असेल, त्याचा विद्युत्घट बदलला आणि बिजागरीतील पट्टी शाबूत असली, तर झाकण उघडल्यावर तो आपला मनोरा अजूनही शोधू शकेल. अडेल तो बहुधा कार्डापाशी. सुरुवातीची जीएसएम यंत्रे कार्डाला पाच व्होल्टचा दाब देत. आजची बरीचशी कार्डे तीन व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालण्यासाठी केलेली असतात. जुने कार्ड टाकून दिले नसेल आणि त्यावरील क्रमांक चालू असेल, तर गोष्ट वेगळी.